क्रीडांगणाचा जमाखर्च

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी राष्ट्रकुल क्रीडा संघटनेची सर्वसाधारण सभा भरली आणि २०३० सालचे राष्ट्रकुल सामने अहमदाबादेस भरविण्याच्या निर्णयावर तिने शिक्कामोर्तब केले. हे सामने प्रथम १९३० साली कॅनडातील हॅमिल्टन येथे झाले होते. म्हणजे अहमदाबादचे सामने हे त्यांचे शताब्दीचे सामने होत. देशास हा मान मिळाला याचा पुष्कळांस आनंद झाला व तो स्वाभाविक आहे. परंतु वाचकहो, निर्णयाची तारीख पुन्हा एकदा वाचा. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन होय. १९४९ साली याच दिवशी संविधान सभेने भारताचे संविधान अंगीकारले. ग्लासगोत बसलेल्या सभासदांच्या मनात हा योग नसेल. आपण मात्र तो विसरता कामा नये. कारण मोठ्या सामन्यांसाठी क्रीडांगणे उभारताना या देशात संविधानाचा विसर कसा पडतो, याचा अनुभव आपणांस एकदा नव्हे, दोनदा आलेला आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर करतो. आम्ही खेळांचे विरोधक नाही. ज्यांच्या बापजाद्यांस गावच्या तालमीच्या दारातही उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या मुलामुलींनी मैदानात उतरावे, धावावे, पोहावे, जिंकावे, हे आम्हांस कोणाहूनही अधिक हवे आहे. १९९४ च्या राष्ट्रीय सामन्यांसाठी पुण्याजवळ बालेवाडीस क्रीडासंकुल बांधले गेले व २००८ च्या राष्ट्रकुल युवक सामन्यांसाठी ते पुन्हा सुधारून सज्ज करण्यात आले. अशी संकुले जिल्ह्याजिल्ह्यांत असावीत असेच आमचे मत आहे. आमचा प्रश्न निराळा आहे आणि तो जमाखर्चाचा आहे. क्रीडांगण उभे राहते ते कोणाच्या घामावर, आणि कोणाच्या पैशावर? घामाच्या खात्यात किती जमा झाले व पैशाच्या खात्यातून किती वजा झाले? हा हिशेब ज्या समाजाने मागितला पाहिजे, त्या समाजात आपण जन्मलो आहोत.

प्रथम घामाचे खाते पाहू.

१९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीस नववे आशियाई सामने भरले. त्यांसाठी राजधानीचा कायापालट करण्यात आला. जवाहरलाल नेहरू स्टेडियम उभे राहिले, इंद्रप्रस्थ येथे बंदिस्त क्रीडागृह झाले, तालकटोऱ्यास पोहण्याचा तलाव झाला, सिरी फोर्टजवळ खेळाडूंचे नगर वसले, रस्त्यांवर उड्डाणपूल आले. वृत्तपत्रांनी या इमारतींची छायाचित्रे छापली. इमारती बांधणाऱ्यांची छायाचित्रे कोणी छापली नाहीत. ही माणसे राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा या प्रांतांतून जमादारांनी आणलेली होती. आपल्याकडे ज्यास मुकादम म्हणतात, तोच तिकडचा जमादार. तीन समाजशास्त्रज्ञांनी या कामांच्या जागी जाऊन चौकशी केली. त्यांच्या अहवालाच्या आधारे ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांस एक पत्र लिहिले. ना स्टँप, ना वकीलपत्र; केवळ एक पत्र. न्यायालयाने त्या पत्रासच अर्ज मानून सुनावणी केली.

त्या पत्रात काय होते? कायद्याने ठरलेली किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे होती. ठेकेदार ती रक्कम मजुराच्या हाती न देता जमादाराच्या हाती देत. जमादार दर माणशी रोज १ रुपया दलाली कापून घेई आणि मजुरास ८ रुपये २५ पैसे देई. स्त्रियांस तर ७ रुपयेच मिळतात अशी तक्रार होती. वास्तविक समान कामास समान मजुरी देण्याचा कायदा १९७६ सालीच झालेला होता. चौदा वर्षांखालील मुलेही कामावर होती. परप्रांतांतून आणलेल्या मजुरांच्या संरक्षणाचा कायदा १९७९ साली संमत झाला होता. पण दिल्लीत तो अमलात आणण्याचे अधिकारच प्रशासनास १९८२ च्या मध्यापर्यंत मिळालेले नव्हते. इमारत निम्मी उठली तरी कायदा कागदावरच होता.

एका रुपयाचा एवढा बाऊ कशाला, असे कोणी म्हणेल. ज्याची मिळकत सव्वानऊ रुपये आहे, त्याचा एक रुपया म्हणजे मिळकतीचा जवळजवळ नववा हिस्सा होय. जिच्या हातावर सातच रुपये टेकविले जातात, त्या बाईचा तर सुमारे चौथा हिस्सा गेला. सावकाराच्या व्याजाचे दर आपल्या लोकांस तोंडपाठ असतात. जमादाराच्या या व्याजाचा दरही आपण समजून घ्यावा.

१८ सप्टेंबर १९८२ रोजी, म्हणजे सामने सुरू होण्यास दोन महिने असताना, न्यायमूर्ती भगवती व न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांनी निकाल दिला. विधि महाविद्यालयात असताना हा निकाल आम्ही परीक्षेसाठी वाचला. वकिली सुरू केल्यावर तो पुन्हा वाचला, तेव्हा त्याचा खरा अर्थ उमगला. त्यातील सिद्धांत प्रत्येक बौद्ध कुटुंबाने लक्षात ठेवण्याजोगे आहेत, म्हणून ते साध्या शब्दांत सांगतो.

संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठ व सक्तीची मजुरी यांस मनाई केली आहे. प्रश्न असा उपस्थित झाला की, ज्यास कोणी बांधून आणले नाही, मारले नाही, जो आपल्या पायांनी कामावर आला आणि ज्याने अंगठा उठवून मजुरी घेतली, त्याची मजुरी सक्तीची कशी? न्यायालयाने उत्तर दिले की, सक्ती केवळ दंडुक्याची नसते. भूक हीही सक्तीच आहे. ज्यास दुसरा मार्गच उरलेला नाही असा मनुष्य किमान मजुरीहून कमी दामात राबण्यास कबूल होतो, तेव्हा त्याची कबुली ही कबुलीच नव्हे. सबब, किमान मजुरीहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी होय.

याखेरीज न्यायालयाने सांगितले की, बांधकाम हे धोक्याचे काम आहे; म्हणून २४ व्या अनुच्छेदाप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलास त्यावर ठेवता येत नाही, मग कायद्याच्या परिशिष्टात त्या धंद्याचे नाव असो वा नसो. आणखी असे की, १७, २३ व २४ हे अनुच्छेद केवळ सरकारविरुद्ध नाहीत, तर खाजगी माणसाविरुद्धही आहेत. आणि ‘मजूर ठेकेदाराचे, आमचे नव्हेत’ असे म्हणून सरकारास हात झटकता येत नाहीत. अस्पृश्यता नष्ट करणारा १७ वा व वेठ नष्ट करणारा २३ वा हे दोन अनुच्छेद न्यायालयाने एकाच पंक्तीस बसविले, ही गोष्ट आपण विसरू नये.

वाचकहो, वेठ म्हणजे काय हे आपणांस पुस्तकातून शिकावे लागत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी ती भोगलेली आहे. गावकामगाराच्या नावाखाली महारवतनाने आपल्या माणसांस चोवीस तासांचे चाकर केले. सांगावा पोचविणे, साहेबाच्या घोड्यामागे धावणे, मेलेली गुरे ओढणे, आणि मोबदला म्हणून बलुत्याच्या चार पेंढ्या व जमिनीचा एखादा तुकडा. या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले; ती वतने नष्ट करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले. वतनाची वेठ गेली, पण शब्द मात्र मागे राहिला. आजही आपल्याकडे गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहणाऱ्या माणसास ‘बिगारी’ म्हणतात. ‘वेठबिगार’ आणि ‘बिगारी’ हे दोन शब्द एकाच घरचे आहेत. कायद्याने बिगार बंद केली आणि मजूरनाक्यावर मात्र आपण माणसास रोज त्याच नावाने हाक मारतो. या शब्दातील अपमान जावयाचा असेल, तर त्या माणसाच्या हाती पुरी मजुरी पडली पाहिजे. दुसरा उपाय नाही.

न्यायालयाने १९८२ साली जे सांगितले, त्याचे बीज बाबासाहेबांच्या लेखणीत पूर्वीच सापडते. १९४७ सालच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी दाखवून दिले होते की, बेकार माणसापुढे कसली तरी नोकरी ठेवली आणि तिच्या मोबदल्यात त्याचे हक्क मागितले, तर तो हक्क सोडील व नोकरी घेईल. म्हणून आर्थिक सत्ता खाजगी मालकांच्या हाती मोकाट सोडल्यास मूलभूत हक्क कागदावरच राहतात. किमान मजुरीचे विधेयकही १९४६ साली केंद्रीय मजूरमंत्री या नात्याने त्यांनीच मांडले होते. त्याचा कायदा १९४८ साली झाला. तेव्हा आशियाई सामन्यांच्या मजुरांचा निकाल हा आपल्यावर झालेला उपकार नव्हे. तो आपल्याच ठेवीवरील व्याज आहे.

पण निकाल लागला म्हणजे न्याय मिळाला असे होत नाही. त्याच निकालात न्यायालयाने बजाविले होते की, मजुरांचे कायदे मोडणाऱ्यांस नाममात्र दंड करून सोडू नये. तसे केल्यास कायदे पाळलेच जाणार नाहीत. हे बजावणे किती ऐकले गेले, ते अठ्ठावीस वर्षांनी दिसले.

२००३ साली जमैकात राष्ट्रकुल सामन्यांचा मान दिल्लीस मिळाला. २०१० च्या ऑक्टोबरपर्यंत सात वर्षे हाताशी होती. कामे करावयाची होती ती बहुतेक जुन्याच घरांची: नेहरू स्टेडियमवर नवे छत घालावयाचे होते, ध्यानचंद यांच्या नावाचे हॉकीचे मैदान नव्याने बांधावयाचे होते, तुघलकाबादेतील नेमबाजीची जागा व तालकटोऱ्याचा तलाव सुधारावयाचा होता. यांतील पुष्कळशी स्थळे आशियाई सामन्यांच्या वेळचीच. सुरुवातीची वर्षे समित्या व निविदा यांत गेली आणि अखेरच्या दोन वर्षांत सारा भार येऊन पडला. वेळ संपत आला की पहिला बळी पडतो तो कायदा. रात्रपाळ्या सुरू होतात, पोटठेकेदारांखाली आणखी पोटठेकेदार येतात, हजेरीपत्रक कोठे आहे हे कोणासच ठाऊक नसते, आणि ‘देशाची अब्रू’ या दोन शब्दांपुढे मजुराची तक्रार देशद्रोहासारखी वाटू लागते.

त्याच संस्थेस पुन्हा न्यायालयात जावे लागले. २०१० च्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने संयुक्त राष्ट्रांतील माजी राजदूत अरुंधती घोष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने कामाच्या जागा पाहून जे सांगितले, ते १९८२ च्या अर्जाची नक्कल वाटावे असे होते: किमान मजुरी नाही, कल्याण मंडळाकडे नोंद नाही, राहण्याची जागा माणसांस राहण्याजोगी नाही. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला होता. बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून मंडळाकडे पैसाही जमत होता. पैसा जमला, पण ज्याच्या नावाने जमला त्याचे नावच नोंदवहीत नव्हते. सामन्यांस बारा दिवस उरले असताना, २१ सप्टेंबर २०१० रोजी, नेहरू स्टेडियमजवळ बांधला जात असलेला पादचारी पूल कोसळला आणि वीसहून अधिक मजूर जखमी झाले. जगाने त्या वेळी खेळाडूंच्या सुरक्षिततेची चिंता वाहिली. त्या मजुरांची चौकशी किती जणांनी केली?

आता पैशाचे खाते उघडू. ते अधिक दुःखद आहे, कारण तेथे हात सरकारचाच होता.

१९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना आहे. पुढे तिला अनुसूचित जाती उपयोजना असे नाव पडले. योजनेच्या पैशापैकी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा अनुसूचित जातींच्या उत्कर्षासाठी वेगळा ठेवावयाचा, तो दुसरीकडे वळवावयाचा नाही व वर्ष संपले म्हणून परत घ्यावयाचा नाही, असा तिचा नियम होता. हा धर्मादाय नव्हे. संविधानाच्या ४६ व्या अनुच्छेदाने राज्यावर टाकलेल्या कर्तव्याचा तो रोख हिशेब होय. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या कागदपत्रांवरून २०१० साली उघडकीस आले की, दिल्ली सरकारने या उपयोजनेतील सुमारे ७४४ कोटी रुपये पाच आर्थिक वर्षांत राष्ट्रकुल सामन्यांच्या कामांवर दाखविले होते. त्यावरून संसदेत गदारोळ झाला. २०१० च्या ऑगस्टमध्ये गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी राज्यसभेत पैसा वळविल्याचे मान्य केले व तो परत केला जाईल असे सांगितले.

७४४ कोटी हा आकडा डोळ्यांपुढे उभा राहत नाही; म्हणून साधा भागाकार करा. एका विद्यार्थ्यास शिक्षणासाठी एक लाख रुपये द्यावयाचे म्हटले, तर चौऱ्याहत्तर हजार चारशे विद्यार्थ्यांची सोय त्या रकमेत होते. चौऱ्याहत्तर हजार घरांतील एकेक मूल शाळेच्या, महाविद्यालयाच्या दारापर्यंत आणा, आणि मग त्यांस सांगा की तुमचे पैसे दिव्यांच्या खांबांवर व स्टेडियमच्या डागडुजीवर खर्ची पडले.

अशा वेळी एक ठरलेला युक्तिवाद केला जातो. रस्ता सर्वांचा, स्टेडियम सर्वांचे. मग त्याचा लाभ अनुसूचित जातींस नाही काय? वरवर हे बोलणे समतेचे वाटते. परंतु वकिलाच्या दृष्टीने यात मोठी लबाडी आहे. जे सर्वांचे आहे, त्याचा खर्च सर्वांच्या तिजोरीतून व्हावा; त्या तिजोरीत आपलाही कर जातोच. मागे राहिलेल्यांसाठी वेगळा ठेवलेला पैसा सर्वांच्या कामास लावावयाचा असेल, तर तो वेगळा ठेवलाच कशास? चार भावांच्या घरात आजारी भावाच्या औषधासाठी वेगळे काढलेले पैसे घराच्या रंगासाठी खर्चावे आणि ‘घर तुझेही आहेच’ असे त्यास सांगावे, तसला हा न्याय आहे. त्यातून हे सामने १४ ऑक्टोबर २०१० रोजी संपले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर लक्षावधी लोकांनी मान ताठ केली. त्याच तारखेस राजधानीत समारोपाचा सोहळा झाला, आणि त्याच्या खर्चाच्या वहीत त्या लोकांच्या लेकरांचा वाटाही लिहिलेला होता.

येथे नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांस एक गोष्ट स्पष्ट सांगणे अवश्य आहे. आमच्याकडे येणारी पुष्कळ मंडळी विचारतात, ‘वकीलसाहेब, आम्ही जात टाकली, आता अनुसूचित जातींच्या निधीशी आमचा संबंध काय?’ प्रश्नामागील स्वाभिमान आम्हांस कळतो; पण त्याने आपण आपलाच हक्क दुसऱ्याच्या पदरात टाकतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता, हे खरे. परंतु १९९० साली संसदेने कायदा करून तो आदेश दुरुस्त केला, आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या व्यक्तीस अनुसूचित जातीचा दर्जा कायम राहिला. धर्म आपण मनाने बदलला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या लुटीची भरपाई करण्याचे राज्याचे कर्ज त्याने फिटत नाही. तेव्हा या निधीचा हिशेब विचारताना कोणीही संकोच बाळगू नये.

आता पुढे काय? २०३० ला फार वर्षे उरलेली नाहीत. अहमदाबादेत मोटेरा भागात सरदार वल्लभभाई पटेल यांच्या नावाने मोठे क्रीडासंकुल उभे करण्याच्या योजना आहेत. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही देश प्रयत्न करीत आहे. दिल्लीतील ज्या नेहरू स्टेडियमवर एकदा आशियाई व एकदा राष्ट्रकुल सामन्यांसाठी पैसा ओतला गेला, तेही पाडून त्या जागी क्रीडानगरी उभारण्याचा प्रस्ताव २०२५ च्या नोव्हेंबरात पुढे आला. म्हणजे काम पुष्कळ निघणार, आणि मुकादम पुन्हा उचल घेऊन गावोगाव फिरणार. नंदुरबार-धुळ्याकडून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणारी माणसे या वाटा ओळखतात. गुजरातेत अलीकडे दीक्षा घेतलेली आपली भावंडे तर त्या शहराच्या दारातच आहेत.

आणि याच वेळी कायद्याचे जुने घर बदलले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून, म्हणजे ग्लासगोच्या निर्णयाच्या आधी पाचच दिवस, किमान मजुरी, समान मजुरी, ठेका मजूर, परप्रांतीय मजूर व बांधकाम मजूर यांच्या वेगवेगळ्या कायद्यांची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली. त्यांतील सर्वच वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. किमान मजुरीचा हक्क आता सर्व धंद्यांतील मजुरांस लागू झाला, हे चांगलेच झाले. परंतु ठेका मजुरांच्या तरतुदी पूर्वी २० मजुरांपासून लागत, त्या आता ५० पासून लागतात. परप्रांतीय मजुरांच्या तरतुदी ५ पासून लागत, त्या आता १० पासून. मोठ्या क्रीडांगणाचे काम आठआठ, नऊनऊ माणसांच्या टोळ्यांत कागदोपत्री वाटून देणे पोटठेकेदारास कठीण नाही. कायद्याच्या जाळ्याची भोके मोठी झाली की लहान मासे सुटतात असे म्हणतात. येथे मासे मोठे आहेत आणि तेच सुटणार आहेत.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. संहिता बदलल्या, २३ वा अनुच्छेद बदललेला नाही. तो पन्नास माणसांपासून लागू होत नाही. तो एका माणसापासून लागू होतो. किमान मजुरीहून एक रुपया कमी मिळाला तरी ती सक्तीची मजुरी, हा सिद्धांत आजही कायम आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबास आमचे काही सांगणे आहे. घरातील कोणी बांधकामावर बाहेरगावी जात असेल, तर मुख्य ठेकेदाराचे व कामाच्या जागेचे नाव घरी लिहून ठेवा. केवळ मुकादमाचे नाव पुरत नाही. रोजची हजेरी आपल्या वहीत आपल्या हाताने मांडा. मजुरी शक्य तो स्वतःच्या बँकखात्यात घ्या, आणि बायकोची मजुरी नवऱ्याच्या नावावर जाऊ देऊ नका. ती तिच्याच नावावर जमा झाली पाहिजे. वर्षभरात नव्वद दिवस बांधकाम केलेल्या, अठरा ते साठ वयाच्या प्रत्येकाने बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नाव नोंदवावे. पोराबाळांस कामाच्या जागी नेऊन हाताशी लावू नका. चार घमेल्यांनी घराचे दारिद्र्य जात नाही, शाळेचे वर्ष मात्र जाते.

आमच्या कचेरीत एकदा एक तरुण आला होता. परगावी एका मोठ्या बांधकामावर सहा महिने राबून तो परतला होता आणि निम्मी मजुरी बाकी होती. त्याच्याजवळ पुरावा म्हणून काहीच नव्हते. मालक कोण, ठेकेदार कोण, ठाऊक नाही. मुकादमाचा फोन बंद. त्याच्या बायकोने मात्र दिवसागणिक कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या आणि ते कॅलेंडर ती परत येताना ट्रंकेत घालून घेऊन आली होती. त्या खुणांवरून आम्ही अर्ज लिहिला. पैसे सारे मिळाले नाहीत. पण जे मिळाले, ते त्या कॅलेंडरामुळे मिळाले. शिकलेला नवरा विसरला, कमी शिकलेली बायको विसरली नाही.

दुसरे काम सर्वांनी मिळून करावयाचे आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रत्येक विहाराने, प्रत्येक मंडळाने वर्षातून एकदा तरी आपल्या जिल्ह्यात अनुसूचित जातींसाठी ठेवलेला निधी किती, खर्च किती व कोणत्या कामावर, हे लेखी विचारावे. दिल्लीचे ७४४ कोटी कोणा मंत्र्याच्या पश्चात्तापाने उघडकीस आले नाहीत; ते अशाच अर्जांनी उघडकीस आले. आणि मागणी कायद्याची करावी. उपयोजनेचे नियम ही केवळ मार्गदर्शक सूचना होती; ती मोडली म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. आंध्र प्रदेश व कर्नाटक यांनी २०१३ साली यासाठी कायदे केले. महाराष्ट्रातही असा कायदा व्हावा, ही मागणी जुनी आहे. ती जुनी झाली म्हणून सोडू नये.

१९८२ साली मजुरांची बाजू दुसऱ्यांनी पत्र लिहून मांडली. त्यांचे ऋण आपण मानतो. पण २०३० साली तेच पत्र पुन्हा दुसऱ्यांनीच लिहावे लागले, तर शिक्षणाचा व दीक्षेचा आपण काय उपयोग केला, असा प्रश्न आपली मुले आपणांस विचारतील. पुढचे पत्र आपल्या हातचे असले पाहिजे.

क्रीडांगणे उभी राहोत, उंच उभी राहोत. त्यांच्या पायऱ्यांवर आपली मुले बसोत आणि मैदानात आपली मुले धावोत. त्या पायऱ्या ज्याने बांधल्या, त्यास पुरी मजुरी मिळाली आहे, आणि त्या मुलाच्या शाळेचा पैसा त्या पायऱ्यांत चिणलेला नाही, एवढे दोन हिशेब चोख असले, तर त्या मैदानावरील टाळ्यांत आमचीही टाळी असेल. हिशेब चोख होईपर्यंत मात्र वही मिटू नका.